गाडीचा सेल्फ: कसा चालतो, का बिघडतो आणि उतरवण्याआधी काय तपासायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गाडी सुरू झाली नाही की पहिला संशय सेल्फवर, म्हणजे स्टार्टर मोटरवर जातो. प्रत्यक्षात उतरवून बाकावर लावलेले बरेच सेल्फ व्यवस्थित फिरतात आणि दोष बॅटरीच्या टर्मिनलवर, अर्थिंगच्या पट्टीत किंवा एखाद्या रिलेत (बारीक करंटने मोठा करंट चालू करणाऱ्या विजेच्या स्विचमध्ये) सापडतो. म्हणून इथली बरीच उत्तरं पाना हातात घेण्याआधी मीटर हातात घ्या असंच सांगतात. आकडे १२ व्होल्टच्या पेट्रोल-डिझेल कारसाठी आहेत. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

सेल्फचं काम नेमकं काय?

बंद इंजिन स्वतःहून फिरू शकत नाही. हवा आत घ्यायला, ती दाबायला आणि पहिला स्फोट घडवायला क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, बाहेरून कुणीतरी फिरवावा लागतो. पेट्रोल इंजिनाला त्यासाठी मिनिटाला साधारण १५० ते २५० फेरे लागतात. डिझेलला दाब जास्त, म्हणून जोरही जास्त लागतो. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ सुमारे ०.८ ते १.२ किलोवॅटचा असतो, तर डिझेलचा १.४ ते २.२ किलोवॅटचा. त्याच्या टोकाला ९ ते ११ दात्यांचं पिनियन असतं आणि ते फ्लायव्हीलवरच्या शंभराहून जास्त दात्यांच्या रिंगला फिरवतं. पिनियन १० ते १५ वेळा फिरलं की इंजिन एकदा फिरतं. एवढीशी मोटर अख्खं इंजिन हलवते ती या प्रमाणामुळे.

चावी फिरवल्यावर आत क्रमाने काय घडतं?

हा क्रम एकदा डोक्यात बसला की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

सेल्फच्या पाठीवर जो लहान नळकांड्यासारखा भाग असतो तो सोलेनॉइड. त्यावर तीन जोड असतात. बॅटरीतून आलेली जाड केबल ३० क्रमांकाच्या बोल्टवर येते आणि तिच्यात कायम करंट असतो. चावीकडून किंवा रिलेकडून येणारी बारीक वायर ५० क्रमांकावर लागते. तिसऱ्या बोल्टवरून जाड वेणी खाली मोटरमध्ये जाते.

सोलेनॉइडच्या आत दोन कॉइल गुंडाळलेल्या असतात. एक खेचणारी, जाड तारेची. दुसरी धरून ठेवणारी, बारीक तारेची. ५० वर व्होल्टेज आलं की दोन्ही एकदम जाग्या होतात आणि प्लंजर (आतला सरकणारा लोखंडी दांडा) आत खेचला जातो. प्लंजरला जोडलेला फोर्क पिनियन पुढे ढकलतो. खेचणाऱ्या कॉइलचं दुसरं टोक मोटरमधून अर्थ होतं, त्यामुळे या क्षणी मोटरमध्ये थोडा करंट जाऊन ती किंचित फिरते आणि पिनियनचे दाते रिंगच्या दात्यांत अलगद बसतात. दाते बसले की प्लंजरच्या मागची तांब्याची चकती दोन्ही जाड बोल्टांवर आदळते आणि बॅटरीचा पूर्ण करंट मोटरला मिळतो. आता खेचणाऱ्या कॉइलच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज असल्याने ती आपोआप गप्प होते. प्लंजर फक्त धरणाऱ्या कॉइलच्या जोरावर टिकून राहतो.

चावी सोडली की आणखी एक गंमत होते. चकती अजून चिकटलेलीच असते, पण आता करंट मोटरच्या बोल्टवरून खेचणाऱ्या कॉइलमध्ये उलट दिशेने शिरतो. दोन्ही कॉइलचं चुंबकत्व एकमेकांना मारतं आणि स्प्रिंग प्लंजरला मागे फेकते.

बेंडिक्स कशासाठी असतो?

दुकानात ज्याला सरसकट बेंडिक्स म्हणतात तो आजच्या गाड्यांत पिनियनमागचा एकतर्फी क्लच असतो. त्यात रोलर आणि बारीक स्प्रिंगा असतात. सायकलच्या फ्रीव्हीलसारखंच त्याचं काम: मोटरने पिनियन फिरवायचं, पण पिनियनने मोटर फिरवायची नाही.

इंजिन सुरू होऊन १,००० फेऱ्यांवर गेलं आणि चावी अजून धरलेली असली, तर १२ पटींच्या हिशेबाने पिनियन १२,००० फेऱ्यांवर पळतं. क्लच नसता तर आर्मेचरही (मोटरचा आत फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) तेवढंच पळालं असतं आणि त्याच्या तारा केंद्रोत्सारी जोराने उखडून आल्या असत्या. आत रिडक्शन गिअर (मोटरचा वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर) असलेल्या सेल्फमध्ये हा वेग आणखी चार-पाच पट झाला असता. गाडी सुरू झाल्यावरही चावी धरून ठेवायची सवय असते, तिथे हाच क्लच आधी झिजतो.

सेल्फ किती करंट खातो? आणि एका खराब जोडाने एवढा काय फरक पडतो?

लहान पेट्रोल गाडीत फिरताना साधारण १०० ते १५० अँपिअर, मोठ्या डिझेलला २०० ते ४०० अँपिअर. फिरायला लागण्याच्या पहिल्या क्षणी याहून बराच जास्त.

आता हिशेब करा. टर्मिनलवर पांढरं-हिरवं क्षार साचून जोडाचा रेझिस्टन्स फक्त एक शतांश ओहम वाढला, तर १५० अँपिअरला त्या जोडावरच दीड व्होल्ट खर्ची पडतात आणि २२५ वॅट उष्णता तयार होते. सेल्फ मारल्यावर एखादं टर्मिनल हाताला गरम लागलं तर दोष तिथेच आहे, आणखी शोधू नका. एवढा कमी रेझिस्टन्स साध्या मीटरच्या ओहम रेंजवर दिसतच नाही. मीटर शून्य दाखवतो आणि माणूस फसतो. म्हणून सेल्फच्या वाटेतले जोड नेहमी करंट वाहत असताना, व्होल्टवरच मोजायचे.

कोकणपट्टीत खाऱ्या हवेमुळे हा त्रास लवकर सुरू होतो. टर्मिनल गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुवा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट करा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली आणि मग क्लॅम्प असा उलटा क्रम करू नका.

एका वेळी किती सेकंद सेल्फ मारावा?

जास्तीत जास्त १०, शक्यतो ५. मग ३० सेकंद थांबा. तीन-चार प्रयत्नांत गाडी सुरू झाली नाही तर किमान दोन-तीन मिनिटं हात आवरा आणि बिघाड इंधनात आहे की स्पार्कमध्ये ते शोधा.

ही मोटर सतत चालण्यासाठी बनवलेलीच नाही. चार्ल्स केटरिंग यांनी १९१२ च्या कॅडिलॅकसाठी विजेचा सेल्फ बनवला त्याच्या मुळाशी हाच विचार होता: मोटर काही सेकंदच चालणार असेल, तर लहान मोटरवरही तिच्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त भार टाकता येतो. त्याआधी केटरिंग कॅश रजिस्टरसाठी विजेची मोटर बनवत होते, तिथेही काम क्षणाचंच होतं. आजचे सेल्फही त्याच हिशेबाने बनतात. थंड व्हायला पंखा नाही, हवेला वाट नाही. अर्धा मिनिट सलग दाबून धरला तर आधी ब्रशच्या, म्हणजे फिरत्या आर्मेचरला करंट पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांच्या, स्प्रिंगा तापून ढिल्या होतात. मग कम्युटेटरवरचे (आर्मेचरच्या टोकाला असलेल्या, कार्बन ज्यावर टेकतात त्या तांब्याच्या पट्ट्यांवरचे) जोड सुटतात आणि वार्निश जळल्याचा वास येतो. तो वास आला की सेल्फ अजून चालत असला तरी त्याचे दिवस भरले.

नुसता एकदा ‘टक्’ आवाज येतो आणि पुढे काहीच नाही. काय झालं?

प्लंजर खेचला गेला, मोटर फिरली नाही. आता हेडलाइट लावून पुन्हा सेल्फ मारा आणि दिव्यांकडे बघा.

दिवे विझण्याइतके मंद झाले, तर बॅटरी उतरली आहे किंवा मोटर अडकून जबर करंट ओढते आहे. दिवे तसेच लख्ख राहिले, तर मोटरपर्यंत करंट पोचतच नाही. मग सोलेनॉइडची चकती आणि बोल्टांची डोकी जळली असतील किंवा कार्बन संपून कम्युटेटरला टेकत नसतील.

चकती जळण्याची सुरुवात ओळखता येते. आधी दहातून एकदा ‘टक्’ होऊन गप्प बसतो, दुसऱ्या वेळी लगेच घेतो. कारण चकती प्रत्येक वेळी थोडी फिरते आणि कधी चांगली बाजू बोल्टांवर येते, कधी जळकी. हे दिवसेंदिवस वाढतच जातं.

पिनियन रिंगमध्ये अडकलं असेल आणि गाडी साध्या गिअरची असेल, तर चावी बंद करून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका, हँडब्रेक सोडा आणि सपाट जागी गाडी पुढे-मागे हलवा. खट् आवाज होऊन पिनियन सुटतं.

‘टकटकटकटक’ असा सलग आवाज येतो.

बहुतेक वेळा बॅटरी. प्लंजर आत जातो, मोटर करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, धरणारी कॉइल सोडून देते, व्होल्टेज पुन्हा चढतं आणि चक्र सुरू राहतं. टर्मिनल ढिलं असेल तरीही हेच होतं. बॅटरी भरलेली आणि जोड स्वच्छ असूनही टकटक चालू राहिली, तर धरणारी कॉइल तुटली आहे किंवा तिचं अर्थिंग गेलं आहे. तेव्हा सोलेनॉइडच बदलावा लागतो.

सेल्फ सर्रकन फिरतो, पण इंजिन फिरत नाही.

बेंडिक्सचा एकतर्फी क्लच घसरतो आहे. थंड गाडीत घसरतो आणि दोन-तीनदा मारल्यावर पकडतो, अशी सुरुवात असते. फोर्क तुटला किंवा सरकपट्टीवरचं ग्रीस धुळीने घट्ट झालं तरी पिनियन पुढे जात नाही. क्वचित रिंगचेच दाते त्या जागी उडालेले असतात.

काहीच आवाज नाही. दिवे मात्र लागतात.

सेल्फला हातच लावू नका. आधी या गोष्टी बघा: साध्या गिअरच्या बऱ्याच गाड्यांत क्लच पेडल पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, पेडलखालचा पाय-गालिचा सरकला असेल तरी पुरतं. ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर पार्कऐवजी न्यूट्रलमध्ये टाकून बघा. बटण-स्टार्ट गाडीत ब्रेक दाबल्यावर मागचा ब्रेक लाइट लागतो का ते बघा, कारण ब्रेक स्विच गेला की गाडीला पेडल दाबल्याचं कळतच नाही. रिमोटचा सेल संपला असेल तर रिमोटच बटणाला टेकवून दाबा, बऱ्याच गाड्यांत ही सोय असते. इमोबिलायझरचं (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं) चित्र डॅशबोर्डवर लुकलुकतंय का? त्यानंतर सेल्फचा फ्यूज आणि रिले. रिले त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून पाहता येतो, तोवर हॉर्न वाजेना झाला तरी चालेल.

आणि उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडाभर उभ्या गाडीत ५० क्रमांकाची बारीक वायर कुरतडलेली सापडणं ही अजिबात दुर्मीळ गोष्ट नाही.

लांबचा प्रवास करून चहाला थांबलो की गाडी सेल्फ घेत नाही. अर्ध्या तासाने घेते. का?

तांबं तापलं की दर अंशाला त्याचा रेझिस्टन्स सुमारे ०.३९ टक्के वाढतो. ३० अंशांवरचा सोलेनॉइड १०० अंशांवर गेला तर रेझिस्टन्स सव्वापटीहून जास्त होतो आणि खेचण्याची ताकद त्या मानाने घटते. इंजिन बंद केल्यावर पाणी आणि हवा फिरायची थांबते, त्यामुळे एक्झॉस्टजवळच्या सेल्फचं तापमान उलट पुढची दहा-पंधरा मिनिटं चढतच राहतं. नवा सेल्फ हे सोसतो. झिजलेली बुश (शाफ्टला आधार देणारी धातूची कडी), संपत आलेले कार्बन किंवा ५० वर कमी पोचणारं व्होल्टेज यांपैकी काही आधीच असेल, तर गरम झाल्यावर तोल जातो. सेल्फ आणि एक्झॉस्ट यांच्यामधली पत्र्याची ढाल काढून कुणी परत बसवली नाही का, तेही वाकून बघा.

मीटरने नेमकं कसं तपासायचं?

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन सुरू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा. दुसरा माणूस चावी मारायला हवा.

पहिलं मोजमाप गाडी काही तास उभी असताना. बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम चतुर्थांश. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. उपाशी बॅटरीवर घेतलेल्या पुढच्या कुठल्याही आकड्याला अर्थ नाही.

दुसरं, सेल्फ मारताना बॅटरीवर. १० च्या वर राहिलं तर उत्तम. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरीची लोड टेस्ट करून घ्या. आकडा १२ च्या वरच राहिला आणि इंजिन हललंच नाही, तर वाट कुठेतरी तुटली आहे.

तिसरं मोजमाप बहुतेक जण गाळतात, आणि खरी उत्तरं तिथेच असतात. लाल प्रोब बॅटरीच्या धन खांबावर ठेवा, क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावर. काळा प्रोब सेल्फच्या ३० च्या बोल्टवर. सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपर्यंत ठीक, ०.५ च्या वर गेलं तर केबल किंवा तिची थिंबल (टोकाची धातूची कडी) खराब. मग अर्थची बाजू: एक प्रोब बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरा सेल्फच्या उघड्या धातूवर. इथेही ०.३ च्या आत हवं. जास्त आलं तर इंजिन आणि बॉडी यांच्यामधली वेणीची पट्टी बघा. गाडीच्या क्लचचं काम झाल्यावर ही पट्टी लावायची राहून जाते, मग सगळा करंट क्लचच्या किंवा गिअरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल तापून धूर येतो.

नंतर ३० च्या बोल्टवरून मोटरच्या बोल्टवर: ०.२ व्होल्टपेक्षा जास्त म्हणजे चकती जळाली. शेवटी ५० ची वायर आणि सेल्फची बॉडी: सेल्फ मारताना ९-१० व्होल्ट हवेत. आठच्या खाली आलं तर रिले, इग्निशन स्विच किंवा मधला कपलर दोषी.

हे सगळं ठीक निघालं आणि तरीही इंजिन रडत फिरतंय, तेव्हाच सेल्फ उतरवा. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर निदान पक्कं होतं. लहान पेट्रोल गाडीत २५०-३०० अँपिअर आणि फिरणं मंद, म्हणजे आर्मेचर घासतंय, शॉर्ट आहे किंवा इंजिनच जड आहे. ८० पेक्षा कमी आणि तरी मंद, म्हणजे कार्बन किंवा एखादा जोड.

सेल्फला हातोडीने ठोकलं की गाडी सुरू होते. चालेल का?

चालते, कारण अडकलेला कार्बन धक्क्याने कम्युटेटरला टेकतो. पण आजच्या बहुतेक लहान सेल्फमध्ये फील्ड कॉइलऐवजी फेराइटचे कायम चुंबक बॉडीला चिकटवलेले असतात. फेराइट ठिसूळ असतं. एक चुंबक तडकून आर्मेचरमध्ये शिरला की हातोडीच्या एका फटक्याने अख्खा सेल्फ भंगारात जातो. रस्त्यात अडकलाच असाल तर हातोडीच्या लाकडी मुठीने सोलेनॉइडवर हलकेच टकटक करा, बॉडीवर नको. आणि घरी न जाता थेट ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.

धक्का स्टार्ट करावी का?

साध्या गिअरच्या गाडीत एखाद्या वेळी हरकत नाही: चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडीने वेग घेतला की क्लच झटकन सोडून पुन्हा दाबायचा. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर इंजेक्शनचा संगणकच जागा होत नाही, मग कितीही ढकला. ऑटोमॅटिकमध्ये हा प्रयोगच नको. वारंवार धक्के मारले तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जातं आणि तो महागात पडतो.

जंपर केबल कुठल्या क्रमाने लावायची?

लाल उतरलेल्या बॅटरीच्या धनाला, लाल चांगल्या बॅटरीच्या धनाला, काळी चांगल्या बॅटरीच्या ऋणाला, आणि काळीचं उरलेलं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या जाड धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडावर ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. काढताना याच्या नेमका उलटा क्रम. बाजारातल्या स्वस्त केबलमध्ये जाड आवरणाखाली दोऱ्याएवढं तांबं असतं. लावून पाच-दहा मिनिटं चांगली गाडी चालू ठेवा, मग सेल्फ मारा.

चावी सोडली तरी सेल्फ फिरतच राहतो. घाबरून काय करायचं?

चकती बोल्टांना वितळून चिकटली आहे किंवा रिले अडकला आहे. चावी काढून उपयोग नाही. ताबडतोब बॅटरीचं ऋण टर्मिनल काढा. १० नंबरचा पाना गाडीत असावा तो याच्यासाठी. उशीर झाला तर केबलचं आवरण पेटू शकतं.

हे बरेचदा उतरलेल्या बॅटरीवर पुन:पुन्हा सेल्फ मारल्याने होतं. व्होल्टेज कमी असलं की चकती जोरात न आदळता थरथरते आणि प्रत्येक थरथरीला ठिणगी पडून तांबं वितळतं. मंद बॅटरी सेल्फला मारते ती अशी.

पाण्यातून गाडी गेल्यावर सेल्फ का बिघडतो?

तो इंजिनाच्या खालच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या तोंडाशी असतो. मुंबईत हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी चाकाच्या मध्यापर्यंत पाणी आलं की तो बुडतोच. लगेच काही होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी बुश गंजते, कार्बन खोबणीत फुगून अडकतात आणि लाल गाळ ग्रीसमध्ये मिसळतो. बुडालेला सेल्फ पावसाळा संपण्याआधी उघडून साफ केला तर पुष्कळदा वाचतो.

पाण्यात गाडी बंद पडली असेल तर मात्र सेल्फ अजिबात मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि सेल्फचा जोर कनेक्टिंग रॉड वाकवायला पुरतो. स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय चावीला हात नको.

सेल्फ स्वतः उतरवता येतो का?

जागा मिळाली तर येतो. ऋण टर्मिनल आधी काढायचं, यात सूट नाही. ३० च्या बोल्टवर कायम करंट असतो आणि पाना बॉडीला लागला तर तो जागीच वेल्ड होतो. खालून काम असेल तर गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नव्हे. ३० चा नट बहुधा १२ किंवा १३ नंबरचा असतो. ५० चा कपलर खटका दाबून काढा, ओढू नका. मग गिअरबॉक्सच्या तोंडावरचे दोन, काही गाड्यांत तीन बोल्ट. खालचा आधी सोडवा आणि वरचा शेवटी, म्हणजे सेल्फ अंगावर पडणार नाही. लोखंडी बॉडीचे तीन-चार किलो सहज भरतात.

बसवताना गिअरबॉक्सचं तोंड आणि सेल्फची पाटी ब्रशने उघड्या धातूपर्यंत घासा. मोटरचं अर्थिंग तिथूनच होतं. नव्या सेल्फवर रंग चढवलेला असतो आणि तोच कधी कधी अर्थिंग अडवतो.

उघडल्यावर काय बघायचं?

कार्बनची लांबी मूळच्या निम्म्यावर आली असेल तर चारही बदला, एकटादुकटा नाही. ते खोबणीत बोटाने हलले पाहिजेत आणि स्प्रिंगा निळ्या पडलेल्या नसाव्यात.

कम्युटेटर काळा असेल तर ४०० नंबरच्या बारीक पॉलिश पेपरने फिरवून साफ करा. एमरी कापड वापरू नका, त्याचे कण पट्ट्यांच्या मध्ये बसून शॉर्ट करतात. पट्ट्यांमधला अभ्रक तांब्यापेक्षा ०.५ ते ०.८ मिलिमीटर खोल असावा. ०.२ वर आला की कार्बन अभ्रकावर उडतात आणि ठिणग्या पडतात. लेथवर हलकासा कट मारून मग खाच पाडतात. आर्मेचरची पट्टी आणि शाफ्ट यांच्यात मीटर वाजला तर आर्मेचर अर्थ झालं, ते टाकून द्या. आर्मेचरच्या अंगावर चकाकणारे ओरखडे दिसले तर बुश झिजून ते चुंबकाला घासत होतं. नुसतं आर्मेचर बदलून, जुनी बुश ठेवून दिली की सहा महिन्यांत तीच तक्रार परत येते.

बेंडिक्सचा क्लच एका दिशेने मोकळा फिरावा, दुसऱ्या दिशेने जागीच पकडावा. आणि तो कधीही पेट्रोलमध्ये किंवा रॉकेलमध्ये बुडवून धुवू नका. आतलं कारखान्यात भरलेलं ग्रीस विरघळून जातं. पुसायचा, बस्स. धुण्याच्या डब्यात सगळे भाग एकदम टाकणारं दुकान दिसलं तर आपला सेल्फ उचलून निघा.

जोडून झाल्यावर सेल्फ वाइसमध्ये आवळा आणि मगच १२ व्होल्ट द्या. सुटा ठेवला तर पहिल्याच झटक्याला टेबलावरून उडतो. भार नसताना तो साधारण ९० अँपिअरच्या आत, एकसुरी आवाजात फिरला पाहिजे.

रिपेअर करावा की नवा घ्यावा?

कार्बन, बुश, सोलेनॉइड किंवा क्लच यांपैकी एक-दोन गेले असतील तर रिपेअर परवडतो. आर्मेचर जळालं किंवा चुंबक तडकला तर नवा घ्या. रिवाइंड केलेलं आर्मेचर नीट बॅलन्स केलेलं नसतं आणि रिडक्शन गिअरच्या वेगात ते टिकत नाही. लुकास टीव्हीएस, डेन्सो, व्हॅलिओ, बॉश अशा नावांचे सुटे भाग मिळतात. गाडीत मुळात कुठला आहे हे सेल्फवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. तोच पार्ट नंबर मागा, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन सेल्फच्या पिनियनला एक दाता कमी-जास्त असू शकतो.

सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांचा सेल्फ लवकर जातो का?

त्यांचा सेल्फ मुळातच कितीतरी पट जास्त वेळा सुरू होण्यासाठी बनवलेला असतो: जास्त लांब कार्बन, मजबूत बुश, वेगळी बॅटरी. म्हणून जुनी साधी बॅटरी तिथे लावू नका. मारुतीच्या एसएचव्हीएस (सौम्य हायब्रिड) गाड्यांत सिग्नलवर इंजिन पुन्हा सुरू करायचं काम बेल्टवरचा जनरेटरच करतो, त्यामुळे आवाजही येत नाही. टोयोटाच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये तर वेगळा सेल्फच नसतो, गिअरबॉक्समधली एक मोटरच इंजिन फिरवते.

नवा सेल्फ बसवला तरी अधूनमधून ‘खर्र’ असा आवाज येतो.

आता रिंग बघा. बंद होताना इंजिन वाटेल त्या जागी थांबत नाही, दाबाच्या आधी थबकतं. म्हणून चार सिलिंडरच्या इंजिनात रिंगचे दाते मुख्यतः दोन जागी झिजतात आणि तीन सिलिंडरच्या इंजिनात तीन जागी. खात्रीसाठी ‘खर्र’ झाल्यावर क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने थोडं पुढे फिरवा. मग सेल्फ स्वच्छ लागला तर दोष रिंगचाच. सेल्फ काढलेला असेल तेव्हा त्याच भोकातून टॉर्चने सगळे दाते, इंजिन हाताने फिरवत, एकेक करून बघून घ्या.

रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. नवी रिंग सुमारे २०० अंशांपर्यंत सगळीकडून सारखी तापवून फ्लायव्हीलवर बसवतात, ती थंड झाली की आवळते. गॅसच्या ज्योतीने एकाच जागी लाल केली तर तिथले दाते मऊ पडतात आणि नवा पिनियन त्यांना वर्षभरात खातो. गिअरबॉक्स एवीतेवी खाली आलेलाच असतो, तेव्हा क्लच प्लेट आणि मागचं ऑइल सील त्याच वेळी बदलून घ्या. ते सील गळायला लागलं की इंजिन ऑइल रिंगवरून उडून सेल्फच्या तोंडात जातं आणि नव्या सेल्फचेही कार्बन भिजतात.